क्योटो: कात्सुरा की शुगाकुइन? राजवाड्याच्या बागेची मार्गदर्शित फेरी, अर्ज आणि चालणं

पायवाट

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात क्योटोला जायचं ठरतंय. आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, सासूबाई (वय ७०, गुडघे दुखतात, काठी घेऊन सपाटीवर तासभर चालू शकतात) आणि मुलगा, वय १४.

देवळांच्या बागा आपापल्या बघता येतात, त्याची चिंता नाही. पण कात्सुरा आणि शुगाकुइन या राजघराण्याच्या बागा फक्त वाटाड्यासोबतच बघता येतात, आधी अर्ज करावा लागतो, एवढंच वाचलंय. त्यावरून पडलेले प्रश्न:

दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर कोणती? अर्ज नेमका कधी आणि कसा करायचा? वाटाड्या जपानीत बोलत असेल तर आम्हाला काय कळणार? सासूबाईंना झेपेल का? आणि तासाभरात नक्की काय बघायचं? "शांतता अनुभवा" छापाचं नको, कुठे उभं राहून कुठे बघायचं ते सांगा.

दगडधोंडे

आवडीनिवडीच्या आधी वयाचा नियम बघा, तुमचा अर्धा निर्णय तिथेच होतो. शुगाकुइन आणि सेन्तो (राजघराण्याचीच आणखी एक बाग) या दोन्ही ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. कात्सुराला १२ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे १४ वर्षांच्या मुलाला घेऊन चौघांनी एकत्र जायचं तर कात्सुराच. आई-वडील सोबत आहेत म्हणून सवलत मिळेल अशी आशा ठेवू नका, पासपोर्टवरची जन्मतारीख बघतात.

पैसे: कात्सुराला १८ वर्षांवरच्यांना १,००० येन. १२ ते १७ फुकट, पण वयाचा पुरावा हवा. शुगाकुइन आणि सेन्तो सगळ्यांनाच फुकट.

आता अर्ज. या सगळ्या जागा राजघराण्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी विभागाच्या क्योटो कार्यालयाकडे आहेत. इंटरनेटवरचा अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर भरायचा, इंग्रजी पानं आहेत. मधल्या दलालांची काहीही गरज नाही. भेटीच्या महिन्याच्या तीन महिने आधीच्या १ तारखेला, जपानी वेळेनुसार पहाटे ५ वाजता, त्या पूर्ण महिन्याच्या तारखा खुल्या होतात. नोव्हेंबरसाठी १ ऑगस्ट. भारतातून भरणार असाल तर तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, म्हणजे ३१ जुलैला जेवून झोपायचं नाही. "१ तारखेला सकाळी उठून बघू" म्हणणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा मधल्या वारांच्या अडनिड्या वेळाच लागतात, कारण नोव्हेंबर आणि एप्रिल हे सर्वांत मागणीचे महिने. इंटरनेटवरून भेटीच्या चार दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो, त्यामुळे रद्द झालेल्या जागा अधूनमधून परत दिसतात. रोज एकदा डोकावत राहा.

एका अर्जात चार जण बसतात, म्हणजे तुमचं काम एका अर्जात होतं. प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे मधलं नाव कधी लिहितात कधी गाळतात, पासपोर्टवर आडनाव आधी असतं, यातूनच घोळ होतो. नंतर नाव बदलून दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही. अर्ज पोहोचल्याची मेल वेगळी आणि परवानगी मिळाल्याची मेल वेगळी. पहिल्या मेलवर खूश होऊन विमानाची तिकिटं काढू नका.

इंटरनेटवर काहीच मिळालं नाही तर त्याच दिवसाच्या काही जागा प्रत्यक्ष दारात देतात, येईल त्याला या तत्त्वाने. प्रत्येकाने स्वतः पासपोर्ट घेऊन हजर राहायचं असतं. चौघांना एकाच फेरीत जागा मिळेल याची खात्री नाही.

दिवस ठरवताना: सोमवारी बंद. २८ डिसेंबर ते ४ जानेवारी बंद. वादळाचा इशारा असेल किंवा राजघराण्याचा काही कार्यक्रम असेल तर आयत्या वेळीही फेऱ्या रद्द होतात. म्हणून क्योटोतल्या शेवटच्या दिवसाची वेळ घेऊ नये, एखादा दिवस हाताशी राहू द्यावा.

कंदील

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त कात्सुराच्या आतलं सांगतो.

आधी पोहोचायचं कसं. हांक्यू या खासगी रेल्वेच्या क्योटो मार्गावरचं कात्सुरा स्टेशन, जलद गाड्याही थांबतात. पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडा, तिथून चालत २० मिनिटं. सासूबाईंसाठी स्टेशनवरून टॅक्सी करा, त्यांचे पाय आतल्या चालण्यासाठी राखून ठेवा. नकाशात "कात्सुरागावा" नावाचं जेआर या दुसऱ्या रेल्वेचं स्टेशनही दिसतं, ते बरंच दक्षिणेला आहे आणि बागेशी त्याचा काही संबंध नाही. ही चूक नेहमीची आहे, आणि फेरी सुरू झाल्यावर पोहोचलात तर आत घेत नाहीत.

तरी अर्धा तास आधी पोहोचाच, त्याला आणखी एक कारण आहे. नदीच्या बाजूच्या रस्त्यावरून बागेचं कुंपण बघता येतं, त्याला तिकीट लागत नाही. लांबून चटईसारखं दिसतं. जवळ गेलं की कळतं की बांबू जिवंत आहे: आतल्या बनातले बांबू मुळापासून न तोडता वाकवून, त्यांच्या पानांच्या फांद्या एकमेकींत विणल्या आहेत. वरून हिरवी पानं फुटलेली असतात. पुढच्या दाराकडचं कुंपण याहून वेगळं, तिथे बांबूच्या बारीक काटक्या आडव्या रचून त्यावर फोडलेल्या बांबूच्या उभ्या पट्ट्या लावल्या आहेत. फेरीत यांपैकी कशासाठीही कोणी थांबत नाही.

स्वच्छतागृह प्रतीक्षागृहात आहे, ते वापरूनच निघा. पुढचा तासभर सोय नाही. मोठ्या बॅगा हॉटेलात किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये.

फेरी साधारण १ किलोमीटरची, एक तासाची. गटात वीसेक माणसं, पुढे वाटाड्या, मागे एक रक्षक. रक्षक गप्प असतो पण तो मागून चालत राहतो, त्यामुळे रेंगाळता येत नाही. माझा सल्ला: गटाच्या मागच्या तिसऱ्या भागात राहा. पुढे असलेल्यांना वाटाड्याचं बोलणं ऐकू येतं पण दृश्यात सगळ्यांची डोकी मागून येऊन मिसळतात. मागे असाल तर पुढचा गट वळणाआड गेल्यावर वाट दहा-पंधरा सेकंद मोकळी मिळते. कात्सुरा बघायची ती त्या दहा-पंधरा सेकंदांत.

भाषेचं: काही फेऱ्या इंग्रजीत असतात, वेळ निवडताना त्या कोणत्या ते दिसतं. इंग्रजीची वेळ मिळाली नाही म्हणून चांगली वेळ सोडू नका. परदेशी भाषांतलं ध्वनिमार्गदर्शन मिळतं, आणि खरं सांगायचं तर आधी थोडं वाचून गेलात तर वाटाड्यावाचून फारसं अडत नाही.

तेवढं वाचन इथेच देऊन ठेवतो. बाग सुरू केली हाचिजो घराण्याचा राजपुत्र तोशिहितो याने, साधारण १६१५ च्या सुमारास. तो १६२९ मध्ये वारला. नंतर काही काळ दुर्लक्ष झालं, मग त्याचा मुलगा तोशितादा याने काम पुढे नेलं. तोशितादाची बायको कागाच्या मायेदा या गडगंज सरदार घराण्यातली, त्यामुळे पैशाची चणचण सुटली. पुढे १८८१ मध्ये वंश खुंटला आणि १८८३ मध्ये बाग राजघराण्याच्या खात्याकडे आली. १९३३ मध्ये जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट इथे आला, त्याच्या लिखाणानंतर युरोप-अमेरिकेतले वास्तुविशारद रांग लावून यायला लागले. मुख्य इमारती १९७६ ते १९८२ मध्ये सुट्या करून, दुरुस्त करून परत उभ्या केल्या आहेत. त्यामुळे "हे लाकूड इतकं ताजं कसं" असं वाटलं तर ते कारण.

आता वाटेतल्या जागा.

सुरुवातीलाच एक छोटी जिभेसारखी जमीन तळ्यात घुसलेली दिसेल, दोन्ही बाजूंना कापलेली झुडपं आणि टोकाला एक पाइन. तो पाइन मुद्दाम तळं झाकायला लावलाय. बाजूने वाकून बघायचा मोह होतो, पण तिथून काही दिसू नये हाच बेत आहे. पहिलं पूर्ण तळं बरंच पुढे, किनाऱ्यावर आल्यावर दिसतं.

मग गवती छपराचं, तीन बाजूंनी उघडं बाकडं लागतं, पाहुण्यांनी थांबायची जागा. सगळे त्याचे फोटो काढतात. तुम्ही खाली बघा: समोर साधारण १७ मीटर लांबीची सरळ दगडी पट्टी आहे, घडीव लांबट दगड आणि ओबडधोबड दगड एकत्र बसवून केलेली. कडा मात्र दोरी लावल्यासारखी सरळ. समोरच्या उंचवट्यावर सायकसची झाडं आहेत, दक्षिणेतल्या सात्सुमाच्या शिमाझु घराण्याने दिलेली. नोव्हेंबरअखेरीपासून त्यांना थंडीसाठी गवताचे कपडे चढवतात.

पुढे काळ्या चपट्या गोट्यांचा किनारा, टोकाला बुटका दगडी दिवा. समोर तळ्यात दगडी पुलाने जोडलेली छोटी बेटं. ती तांगो प्रांतातल्या आमानोहाशिदाते या वाळूच्या पट्ट्याची नक्कल, तोशिहितोची बायको तिथल्या क्योगोकु सरदाराची मुलगी. किनाऱ्यावर वाटाड्या बराच वेळ बोलतो. तेवढ्या वेळात दिव्याच्या पातळीपर्यंत खाली बसून बघा. उभ्याने ते तळं लहान दिसतं, बसल्यावर एकदम मोठं होतं.

एका अखंड दगडाचा पूल ओलांडला की शोकिन्तेई ही चहाची कुटी. निळ्या-पांढऱ्या कागदाचे चौकोन असलेली भिंत इथलीच, सगळ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असते. आत जाता येत नाही, पायरीपाशी उभं राहून बघायचं. भिंतीवर पाच सेकंद पुरे. त्याऐवजी ओसरीतली उघड्यावरची चूल आणि शेजारचे फळीचे कप्पे बघा: राजपुत्राच्या घरात स्वयंपाकाची जागा पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर का, हा प्रश्न त्या भिंतीपेक्षा मला मोठा वाटतो.

त्यानंतर चढ. शोकातेई हे बागेतलं सर्वांत उंच ठिकाण, घाटातल्या चहाच्या टपरीची आठवण करून देणारं. सासूबाईंसाठी ही सर्वांत अवघड जागा. मग ओनरिंदो नावाचं पूर्वजांचं छोटं देऊळ, इथे फार वेळ जात नाही. शोइकेन या पुढच्या चहाच्या कुटीला दर्शनी भिंतीवर ओळीने सहा गोल खिडक्या, त्यांत भिंतीच्या आतल्या काड्यांची जाळी तशीच उघडी ठेवलेली. शोइकेनसमोरच्या दगडी पट्टीत एकही घडीव दगड नाही. मघाशी बाकड्यापाशी पाहिलेली पट्टी आठवली तर फरक लगेच कळतो.

मुख्य इमारती शेवटी येतात. त्या सरळ रेषेत नाहीत, उडणाऱ्या बदकांच्या थव्यासारख्या एकमागे एक तिरक्या सरकत गेल्या आहेत. त्यामुळे प्रत्येक खोलीला तळं आणि उजेड दोन्ही मिळतात. तळमजला उंच खांबांवर, कारण कात्सुरा नदीला पूर यायचा. सर्वांत जुन्या भागाच्या पुढे बांबूचा सज्जा आहे, चंद्र बघायचा. शेवटी गेप्पारो ही चहाची कुटी, तिथून तळ्यापलीकडे शोकिन्तेई परत दिसते, आणि मुख्य इमारतीच्या दाराशी भलामोठा ग्रॅनाइटचा पायरीदगड: सहा जणांचे जोडे एका वेळी मावतील असं म्हणतात. त्या दगडाकडे नेणारी वाट फक्त घडीव, काटकोनी दगडांची आणि तिरकी आहे. फेरी संपत आल्याने सगळे घड्याळ बघत असतात आणि हे हमखास सुटतं.

चिखलवाट

कात्सुरावर इतकं लिहून झालंय की दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. पायवाट, तुम्हा नवरा-बायकोपैकी एकाला जरी अर्धा दिवस मोकळा मिळाला तर शुगाकुइनला जा. दोन्हींत एकच निवडायची झाली तर मी शुगाकुइन निवडेन. कात्सुरात प्रत्येक दगड कोणीतरी ठरवून ठेवलाय हे सतत जाणवतं, थोडं दडपण येतं. शुगाकुइनला श्वास घेता येतो.

आकारच वेगळा: कात्सुरा ७ हेक्टरच्या आसपास, शुगाकुइन ५४ हेक्टर. सम्राट गो-मिझुनोओ याने १६२९ मध्ये गादी सोडली, आणि १६५५ नंतरच्या चार-पाच वर्षांत ही बाग करवली. डोंगराच्या उतारावर तीन वेगवेगळ्या बागा आहेत, खालची, मधली आणि वरची, आणि त्यांच्यामध्ये खरी भातशेती. ही शेतं सरकारने १९६४ मध्ये विकत घेतली, शेजारी इमारती उभ्या राहून देखावा बिघडू नये म्हणून, आणि गावातलेच शेतकरी ती कसतात. नोव्हेंबरच्या मध्यात कापणी झालेली असते.

फेरी साधारण ३ किलोमीटर, ८० मिनिटं, खालून वरपर्यंत सुमारे ४० मीटर चढ. खडी, पायऱ्या, उतार. तुमच्या सासूबाईंसाठी नाही, स्पष्टच सांगतो. मध्ये थांबून परत फिरणं जमत नाही, कारण एका बागेतून दुसरीत जाताना मागचं दार बंद करत जातात.

मधल्या बागेत पाहुण्यांच्या दालनातली भिंतीतली फळ्यांची रचना बघा, ढगांच्या पट्ट्यांसारख्या पाच फळ्या वेगवेगळ्या उंचीवर. तिथल्याच देवदाराच्या दारांवर मासे रंगवले आहेत आणि त्यांच्यावरून जाळं. मासे रात्री पळून तळ्यात जायचे म्हणून नंतर जाळं रंगवलं, अशी गोष्ट सांगतात. जाळं काही ठिकाणी फाटलेलंही रंगवलंय, ते जवळून दिसतं.

पण खरी गंमत वरच्या बागेची. दारातून आत गेलं की दगडी पायऱ्या लागतात, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर जाणारी कापलेली झुडपं. काही दिसत नाही. चढून दमायला होतं. वर रिन्उन्तेई नावाची साधी, जवळजवळ रिकामी खोली. तिथे पोहोचून वळलात की खाली पूर्ण तळं, बेटं, त्यामागे शहर आणि डोंगरांची रांग. वर चढताना मागे वळून बघू नका, पुढच्याने वळून "अरे वा" केलं तरी.

तळं नैसर्गिक नाही. डोंगरातले ओहोळ अडवून, साधारण २०० मीटर लांबीचा मातीचा बांध घालून केलंय. बांध उघडा दिसू नये म्हणून त्याच्या उतारावर अनेक जातींची झुडपं एकत्र वाढवून एकसंध कापतात. खालच्या बाजूने जाताना हिरवी टेकडी वाटते ती प्रत्यक्षात धरणाची भिंत. शेतांमधून वर जाताना ती बघून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर आपण कशावर उभे आहोत ते समजतं.

रिन्उन्तेईच्या ओसरीखाली जमीन बघायला विसरू नका. मातीच्या गिलाव्यात लाल आणि काळे छोटे खडे बसवलेत, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. खोलीत बाकी सजावट नाहीच.

एइझान रेल्वेचं शुगाकुइन स्टेशन, तिथून चढावाची २० मिनिटं. इथलेही नियम तेच, फक्त वय १८ आणि पैसे नाहीत.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, वयाचा नियम तर ठाऊकच नव्हता! कात्सुरा चौघांनी आणि जमल्यास शुगाकुइन एकट्या नवऱ्याने, असा विचार आहे. आणखी दोन शंका. सासूबाईंची काठी चालेल का, आणि पाऊस असेल तर जावं की नाही? शिवाय मुलाला फोटोग्राफीचं वेड आहे, त्याला ट्रायपॉड न्यायचाय.

दगडधोंडे

काठी चालते, पण टोकाला रबर हवं. लोखंडी टोकाने शेवाळ आणि मातीची वाट उखडते, आणि ओल्या दगडावर घसरते ते वेगळंच. रबर झिजलं असेल तर निघण्याआधी नवीन बसवा.

अडचण काठीची नाही, दगडांची आहे. कात्सुरात बऱ्याच ठिकाणी वाट म्हणजे जमिनीत बसवलेले सुटे दगड. त्यांच्यातलं अंतर सारखं नाही आणि काहींचा माथा शेवाळापासून चांगला वर आहे. हे मुद्दाम आहे: दगड लहान आणि जवळ आले की माणूस खाली बघून चालतो, मोठा सपाट दगड आला की थांबतो आणि मान वर करतो. त्यामुळे एक साधा नियम पाळा. लहान दगडांवर फक्त पावलांकडे लक्ष. मोठा दगड आला की दोन्ही पाय टेकवा, मग बघा. चालता चालता बघणारेच घसरतात. सासूबाईंच्या पुढे एक जण आणि मागे एक जण ठेवा, शेजारी नको, शेजारी पाय ठेवायला जागाच नसते आणि शेवाळावर पाऊल पडलं की रक्षक लगेच टोकतो. मातीने झाकलेल्या लाकडी पुलांना कठडे नाहीत, तिथे हात धरा.

वाटेत काही ठिकाणी मुठीएवढा किंवा थोडा मोठा गोल दगड काळ्या दोरीने पार्सलसारखा बांधून फरशीवर ठेवलेला दिसेल. त्यापुढे जायचं नाही. दुसरी पाटी नसते. मुलाला हे आधीच सांगा, चौदा वर्षांच्या मुलाला तो दगड उचलून बघावासाच वाटणार.

बूट: सपाट, मऊ, पकड असलेला रबरी तळ. उंच टाचा नकोत. आत कुठल्याच इमारतीत जायचं नसल्याने बूट काढावे लागत नाहीत, त्यामुळे नाडीचे बूट चालतील.

पाऊस असेल तर जरूर जा. साध्या पावसात फेऱ्या होतात. शेवाळ हिरवंगार होतं, काळे गोटे चमकतात, गर्दीतले काही जण येतच नाहीत. छत्री चालते, पण दगडांवर चालताना एका हातात छत्री आणि दुसऱ्यात काठी म्हणजे तोल सावरायला हात उरत नाही. सासूबाईंना रेनकोट घाला. आणि पावसात गुडघे फारच धरत असतील तर त्यांना नेऊ नका, मागे बसून थांबायची सोय फक्त प्रतीक्षागृहात आहे.

तिरपा उजेड

फोटोंचं मी सांगते. ट्रायपॉड नाही, एका पायाचा मोनोपॉडही नाही, ड्रोनचा तर विचारच नको. फोटो काढायला बंदी नाही, पण चालता चालता काढायचा नाही, थांबून काढायचा. थांबायला वेळ वाटाड्याच्या बोलण्यापुरताच.

म्हणून लेन्स बदलत बसू नये. २४-७० सारखी एकच झूम लेन्स घेऊन जायची. मुख्य इमारती हिरवळीपलीकडून दिसतात, तिथे ३५ ते ५० पुरते. शोकिन्तेईच्या आतलं दृश्य अंधारं आणि बाहेर उजेड, त्यामुळे कॅमेरा आपोआप बाहेरच्या उजेडावर मोजतो आणि निळे चौकोन काळे पडतात. आतल्या भिंतीवर उजेड मोजून ते मोजमाप कॅमेऱ्यात लॉक करायला शिकवा त्याला. झाडांखाली नोव्हेंबरात दुपारी तीननंतर उजेड पटकन उतरतो, आयएसओ ८०० ते १६०० ची तयारी ठेवा.

मुख्य इमारतींचा दर्शनी भाग साधारण आग्नेयेला आहे. सकाळच्या फेरीत पांढऱ्या कागदी दारांवर समोरून उजेड येतो, दुपारनंतर इमारत स्वतःच्याच सावलीत जाते. फोटोसाठी ९ किंवा १० ची फेरी, दगड आणि शेवाळाचा पोत हवा असेल तर ढगाळ दिवस कोणत्याही वेळी उत्तम.

लाल मेपलबद्दल फार आशा ठेवू नका. क्योटोत रंग साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरतो, मध्याला अर्धा हिरवा अर्धा लाल असतो. आणि कात्सुरा ही तशीही मेपलची बाग नाही, थोडे आहेत, ते फेरीच्या सुरुवातीलाच संपतात.

कंदील

एक पर्याय राहिला. सासूबाईंना कात्सुरा जमणार नाही असं वाटलं, किंवा अर्ज फसला, तर क्योटोच्या मुख्य राजवाड्यात २०१६ पासून अर्जाविना जाता येतं, फुकट, वयाची अट नाही. आत वाटाड्याशिवाय फिरा, हवं तिथे थांबा. सम्राटांनी १८६९ मध्ये टोक्योला जाईपर्यंत हाच त्यांचा मुक्काम, सध्याच्या इमारती बहुतेक १८५५ च्या पुनर्बांधणीतल्या. इमाडेगावा हे भुयारी रेल्वेचं स्टेशन जवळ, प्रवेश पश्चिमेच्या दाराने. वाट सपाट आहे पण जाड खडीची, काठी रुतते, तेवढं लक्षात ठेवा. बाग म्हणून ती कात्सुराच्या जवळपासही नाही, तळ्याचा एक काठ बघायला मिळतो, बस.

चिखलवाट

त्याच आवारात सेन्तो आहे की. तुम्हाला आणि सासूबाईंना ते शुगाकुइनपेक्षा सोपं, तासाभराची फेरी आणि बरंचसं सपाट. मुलाला तेवढा वेळ नवऱ्याने सांभाळायचा. सेन्तोचा राजवाडा १८५४ मध्ये जळाला आणि परत बांधला नाही, त्यामुळे फक्त बाग उरली. दक्षिणेच्या तळ्याचा किनारा एकसारख्या गोल चपट्या गोट्यांचा आहे, ओदावाराच्या सरदाराने पाठवलेल्या. एका गोट्याला एक शो, म्हणजे साधारण पावणेदोन लिटर तांदूळ मोजले असं सांगतात. तिथे वाकून गोट्यांचा आकार बघितला की तांदळाची गोष्ट खोटी वाटत नाही.

पायवाट

मग कात्सुरा सकाळी १० आणि त्याच दिवशी दुपारी सेन्तो, असं एका दिवसात बसेल का?

दगडधोंडे

तुम्हा दोघांना बसेल, सासूबाईंना नको. कात्सुराची फेरी ११ ला संपते. टॅक्सीने स्टेशन, हांक्यूने कारासुमा, तिथून भुयारी रेल्वेने मारुतामाची, पुढे चालत १५ मिनिटं. मध्ये जेवण धरून दीडची फेरी आरामात मिळते. पण दोन्ही अर्ज वेगवेगळे करावे लागतात, आणि एक मिळून दुसरा नाकारला जाऊ शकतो. आधी कात्सुराचा भरा, परवानगीची मेल आली की मग सेन्तोचा.

आणि तारीख निवडताना २३ नोव्हेंबर तपासा, जपानात सार्वजनिक सुट्टी असते. ती सोमवारी आली तर बाग सोमवारी उघडी आणि मंगळवारी बंद. त्या आठवड्यात मंगळवारची विमानं, मंगळवारचं कात्सुरा असं काही जुळवलं असेल तर आत्ताच बदला.